लाल फडक्याखालचं पीठ

ऐका ना, आधी मला एका दमात सांगू दे, मध्ये कोणी तोंड घालायचं नाही. सोमवारी सकाळी मी तुमचे फोन उचलत नव्हते ना, तेव्हा मी बेकरीसमोरच्या बाकावर होते. बसले होते असं म्हणवत नाही, कारण मी बसत होते, उठत होते, चार पावलं जात होते, परत येत होते. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक आजोबा पेपर वाचत होते. ते शेवटी म्हणाले, "बाळ, एक तर तू बस, नाहीतर मी उठतो. हा बाक आहे, झोपाळा नाही."

समोर बेकरीचं शटर अर्धं खाली. खालच्या फटीतून फक्त पाय दिसत होते. दोन बूट पिठाने पांढरे झालेले, ते बेकरीच्या मालकाचे. अख्खी गल्ली त्याला खडूस म्हणते, तो. आणि दोन काळ्या चपला, त्या कंडक्टर मावशीच्या. खडूसचे बूट एका जागी खिळल्यासारखे. चपला मात्र इकडून तिकडे, तिकडून इकडे. आता माणसाची परीक्षा चाललीय आणि आपल्याला दिसतायत फक्त तिच्या चपला, म्हणजे जीव किती वरखाली होत असेल सांगा!

थांबा, पहिल्यापासून सांगते.

माझ्या ताईचा वर्ग तुम्हाला माहितीये. दर शनिवारी, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, 'घरच्या घरी ब्रेड आणि केक, सर्वांसाठी खुला'. ज्याला यायचं त्याने यावं, नाव सांगावं, एप्रन बांधावा. पण हा वर्ग तुम्हाला बाहेरून माहितीये. आतून फक्त मला, ताईला आणि भावजींना माहीत होता. होता म्हणतेय, कारण आता सगळ्या गावाला झालाय. आणि तो कोणी केला? मीच. तुम्ही म्हणताच ना, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. हा तीळ तरी बरेच महिने टिकला.

तर आतली गोष्ट अशी. हॉल आम्हाला मिळतो तीन तास. त्यानंतर बुद्धिबळवाले येतात, पेट्या काखेत घेऊन दारात उभे. ते एक सेकंद थांबत नाहीत, फक्त वास घेत नाकपुड्या फुगवतात. आणि ब्रेडला काय लागतं? मळायला वेळ, मग फुगायला वेळ, मग आकार देऊन परत फुगायला वेळ, मग भाजायला, मग गार व्हायला. तीन तासांत बसतच नाही हो! घाई केली तरी बसत नाही, अजिबात नाही.

ताईने पहिला वर्ग घेतला तेव्हा थंडी होती. कोणाचंच पीठ हललं नाही. सगळे कच्चे गोळे पिशवीत घालून घरी गेले, आणि पुढच्या शनिवारी किती आले? एक. गणिताचे निवृत्त सर. तेही म्हणे छत्री विसरली होती म्हणून. त्या दिवशी ताई घरी येऊन नुसती बसून राहिली आणि मग तिने 'बदली' काढली.

बदली म्हणजे अशी. ताई पहाटे घरी स्वतः पीठ मळते, फुगवते, आणि आम्ही ते डब्यांत घालून हॉलच्या मागच्या भांडीघरात लपवतो. वर्गात लोक आपापलं मळतात, वाडग्यात ठेवतात, वर आपापल्या रंगाचं फडकं टाकतात. डॉक्टरीणबाईंचं निळं, म्हणजे त्या दातांच्या डॉक्टर आहेत. सरांचं चौकड्यांचं. कंडक्टर मावशीचं लाल. मग मी ढकलगाडी मागे नेते, 'उबेला ठेवते हं' म्हणत. इकडे ताई केक शिकवते, अंडी कशी फेटायची, साच्याला लोणी कसं लावायचं, सगळ्यांचं लक्ष तिच्या हाताकडे. तिकडे मी एकेका वाडग्यातलं पीठ काढून घ्यायचं, ताईचं फुगलेलं आत घालायचं, आणि फडकं परत वर. फडकं तेच, खालचं पीठ वेगळं. गाडी बाहेर आली की सगळे फडकं उचलतात आणि काय तो आनंद! "अय्या, किती फुगलंय माझं!"

मग ते भाजायचं, आणि एकेक जण गरम ब्रेड छातीशी धरून घरी.

आणि लोकांच्या पिठाचं काय, तर ते आमच्या घरी. ताई संध्याकाळी सगळे गोळे भाजते, टाकवत नाही ना अन्न. आठवडाभर आम्ही लोकांच्या हातचे ब्रेड खातो. भावजी तर आता नुसतं कापून ओळखतात. "हा डॉक्टरीणबाईंचा, बघ, पट्टी लावून फुगलाय. हा सरांचा, मध्येच विसरून गेलाय कुठे चाललो होतो ते." आणि मग एक असतो त्याला सुरी लागत नाही. भावजी तो टेबलावर आपटून आवाज ऐकवतात. टक टक. "आल्या कंडक्टरबाई. दार उघडा."

आम्ही हसायचो. मीही हसायचे.

आता कंडक्टर मावशी म्हणजे कोण ते सांगते, तुम्ही तिच्या बसमध्ये बसलाही असाल. आवाज असा की ड्रायव्हरला घंटा लागत नाही. वर्गातही तशीच. ओव्हनपाशी गर्दी झाली की, "पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे!" मला चिमणे म्हणते. ताईला मॅडम म्हणते. वर्गातला तिचा ब्रेड इतका सुंदर व्हायचा, म्हणजे ताईचाच तो, आणि घरी केला की दगड. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसं तिने सगळं अंगण खणून काढलं. आधी मैदा बदलला. मग यीस्ट बदललं. मग ओव्हनच बदलला, नणंदेचा मागून आणला. मग स्वयंपाकघराची खिडकी बंद केली, वारा लागतो म्हणून. तिचे 'हे' तिला म्हणाले म्हणे, "आता नवरा तेवढा बदलायचा राहिलाय." दर शनिवारी ती ताईला विचारायची, "मॅडम, इथे होतो, घरी का होत नाही?" आणि ताई म्हणायची, "घरचा ओव्हन वेगळा असतो. तुमच्या हाताला गुण आहे, काळजी करू नका."

हाताला गुण आहे! ताई सगळ्यांनाच म्हणते हो ते. जसं आपण पाहुण्यांना 'परत या' म्हणतो तसं.

तर परवाच्या शनिवारी कंडक्टर मावशी वर्गात आली ती नाचतच. एप्रन बांधायच्या आधीच हात वर केले आणि म्हणाली, "मंडळी, शेवटचा स्टॉप आला! मी राजीनामा दिला!"

झालं होतं असं की खडूसच्या भट्टीवरचा माणूस सोडून चालला होता. मावशीने त्याला आमच्या वर्गातला ब्रेड नेऊन दाखवला. खडूसने म्हणे तो हुंगला, दाबला, फोडला, आणि म्हणाला, "हा तू केलास? मग सोमवारी पहाटे ये, माझ्यासमोर पिठापासून करून दाखव. असाच झाला तर भट्टी तुझी." आणि मावशीने कसला विचार? 'असाच होणार' म्हणून तिने डेपोत राजीनामा देऊनही टाकला. सोमवारी दुपारी बारापर्यंत मागे घेता येतो, त्यानंतर पक्का.

"अर्धं आयुष्य लोकांना पुढे चला, पुढे चला म्हणतेय," ती म्हणाली, "आणि मी आपली त्याच दांड्याला धरून. आता मी पण पुढे सरकणार!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने मला येऊन मिठी मारली, "चिमणे, तुमच्यामुळे झालं गं!" आणि मला भावजींचं टेबल ऐकू आलं! तिचा ब्रेड आपटतायत, टक टक.

त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा नीट मळताना पाहिलं. एरवी कोण बघतं, बदली होणारच असते! आणि मला दोन मिनिटांत दिसलं काय चुकतंय ते. पीठ बोटांना जरा चिकटलं की ती तोंड वाकडं करायची आणि डब्यातून मूठभर मैदा भुरभुरायची. परत चिकटलं, परत मूठ. मी विचारलं, "मावशी, एवढा कोरडा मैदा कशाला?" तर म्हणाली, "अगं, चिकट बोटं मला सहनच होत नाहीत. कंडक्टरची बोटं कोरडी पाहिजेत, नाहीतर एक तिकीट फाडलं की दोन येतात." म्हणजे बघा, इतकी वर्षं तिकिटं फाडून फाडून बोटांना जी सवय लागली ती तिच्या ब्रेडचा गळा दाबत होती, आणि आम्ही दर आठवड्याला तो दगड घरी नेऊन हसत होतो. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की पीठ चिकटतं, चिकटायलाच पाहिजे, मळत राहिलं की आपोआप सुटतं. कोण सांगणार? वाडग्यावरचं फडकं उचललं की पीठ फुगलेलंच!

गाडी मागे नेताना मी ताईला खूण केली. ती भांडीघरात आली, हाताला लोणी.

"ताई, तिने राजीनामा दिलाय."

"ऐकलं मी."

"सोमवारी ती खडूससमोर दगड काढणार."

"हळू बोल."

"तूच तिला सांगितलंस हाताला गुण आहे म्हणून."

"मी सगळ्यांना म्हणते!"

"तिने खरं मानलं ना!"

 ताई पाठ फिरवून म्हणाली, "आज वर्ग होऊ दे. नंतर मी बघते."

"नंतर म्हणजे कधी? सोमवारी दुपारी?"

"हे बघ, एकीला सांगितलं की सगळ्यांना कळतं. मग पुढच्या शनिवारी फक्त सर येतील, तेही छत्रीसाठी. तू बदली कर आणि लवकर ये, केक आत टाकायचाय."

आणि गेली. मी एकटी. निळं फडकं उचललं, बदललं. चौकड्यांचं उचललं, बदललं. सगळे केले. शेवटी लाल. ते उचललं तर आत तो गोळा, जसा ठेवला होता तस्साच, रुसून बसलेला, वर टाचेला पडतात तशा भेगा. ताईचा शेवटचा फुगलेला गोळा माझ्या हातात, मऊ, कोमट, बाळासारखा. आणि बाहेरून मावशीचा आवाज, "पुढे सरका, मॅडमना दिसू द्या!"  एकदा वाटलं, घाल. एकदा वाटलं, नको. ताई बाहेरून हाक मारतेय. मी तो मऊ गोळा परत डब्यात टाकला, झाकण लावलं, लाल फडकं त्या दगडावर नीट पांघरलं आणि गाडी ढकलली. पळतच!

सगळ्यांनी फडकी उचलली. "अय्या!" "वा!" आणि मग मावशी.

ती वाडग्यात बघतच राहिली. मग शांतपणे म्हणाली, "हे माझं नाही."

 तिने वाडगं उचलून सगळ्यांना दाखवलं. "हे माझं नाही! कोणीतरी माझं उचललंय. आपापलं बघा, बघा बरं सगळ्यांनी!" आणि वळली ती थेट डॉक्टरीणबाईंकडे. "डॉक्टर, तुमचं आज जरा जास्तच फुगलंय."

"म्हणजे? मी चोरलं म्हणता?"

"चोरलं कशाला, चुकून आलं असेल. गर्दीत होतं."

"माझं फडकं निळं आहे, बघा."

"फडकं निळंच आहे हो, पीठ कोणाचं आहे?"

मला हसू येत होतं की रडू, काय सांगू! आजवर दर शनिवारी ती दुसऱ्याचं पीठ आपलं म्हणून घरी नेत होती, आणि पहिल्यांदा तिचं स्वतःचं तिच्या हातात आलं तर ओळखीना. ताई मला गप्प बस म्हणत होती. डोळ्यांनीच. पण तोपर्यंत माझं तोंड उघडलं होतं.

"मावशी, ते तुमचंच आहे."

"वेडी का काय चिमणे! माझं असं कधी असतं?"

"दर वेळी असतं."

मग मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, न थांबता, आता तुम्हाला सांगतेय ना तसं. बदली, डबे, पहाटेचं पीठ, फडकी. ताई मैद्याच्या डब्यावर बसली आणि एप्रनला हात पुसत राहिली. हात कोरडे झाले होते तरी पुसत होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही शुद्ध फसवणूक आहे. मी सगळ्या पेशंटना सांगितलंय, मी ब्रेड करते म्हणून!"

सर म्हणाले, "म्हणजे मी नातीला नेऊन देतो तो..."

"ताईचा, सर."

"आणि माझा?"

"आमचे भावजी खातात."

सर पुढे वाकले. "कसा असतो?"

"खरं सांगू? चांगला असतो."

"हो का!" ते एकदम खूश. डॉक्टरीणबाईंनी असं बघितलं त्यांच्याकडे की ते चौकड्यांच्या फडक्याची घडी घालायला लागले.

पण मावशी काहीच बोलली नाही. जिच्या आवाजाने बस थांबते ती बाई गप्प. त्यापेक्षा भांडण परवडलं असतं हो! तिने तो दगड लाल फडक्यात बांधला, पिशवीत टाकला, एप्रन खुंटीला लावला आणि चालायला लागली. दारात बुद्धिबळवाले उभे होते, तिने त्यांना 'सरका'सुद्धा म्हटलं नाही. ते आपणहून सरकले.

इकडे केक करपला. कोणाच्या लक्षातच नाही.

घरी ताई माझ्याशी बोलेना. भावजी मध्ये बसून, "मीठ तिला द्या, पाणी हिला द्या," असं पोस्टमनचं काम करत होते. मी सारखी उठून खिडकीत. मावशीला फोन लावावा, नको लावू, लावला, तिने कापला.  वाटत होतं मी चांगलं केलं, आणि दुसऱ्या क्षणी वाटत होतं, आगीतून काढून बाईला फुफाट्यात टाकलं. आता ना भट्टी, ना बस, आणि वर चार लोकांत हसं.

रविवारी सकाळी दारावर धाड धाड. उघडलं तर मावशी. काखेत मैद्याची पिशवी, खांद्यावर लाल फडकं. माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ आत, ताईसमोर.

"मॅडम, शिकवणार आहात, की आज पण बदलून देणार?"

ताईचा चेहरा असा झाला! ती उठली, टेबल पुसलं, पाणी मोजलं, मैदा मोजला, मीठ, यीस्ट, आणि उरलेल्या मैद्याचा डबा कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली.

"हे काय?" मावशी म्हणाली.

"आता चिकटू दे," ताई म्हणाली.

काय सांगू त्या बाईचे हाल! कोपरापर्यंत लगदा. बोटं पसरून उभी, जशी काही गटारात हात घातलाय. "अहो, किल्ली द्या! एक मूठ! अर्धी मूठ! मॅडम, पाया पडते!" ताई म्हणाली, "मळा." ती ताईला अशा शिव्या देत होती, मॅडम मॅडम म्हणत, की भावजी दुसऱ्या खोलीत जाऊन हसले. आणि मग, कधी ते कळलं नाही, पीठ सुटलं. बोटांवरून आपोआप, मोजा काढावा तसं. मावशी हात उलटेसुलटे करून बघत राहिली. ताईने एक तुकडा ताणून खिडकीशी धरला, पडद्यासारखा, पलीकडचा उजेड दिसत होता. "हे बघ," ती म्हणाली. अहो-जाहो कधी गळून पडलं दोघींनाही कळलं नसेल.

मग वाट बघायची. आणि मी आणि मावशी म्हणजे काय सांगू! मी दर थोड्या वेळाने फडकं उचलतेय, ताई माझ्या हातावर चापट मारतेय. मावशी ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारतेय, वरच्या फळीला हात धरून, जशी बस वळणावर आहे. पहिला ब्रेड आम्ही दोघींनीच ताईचं न ऐकता लवकर आत टाकला. झालाच असेल, झालाच असेल, म्हणत. तो आतून चिकट निघाला, ओल्या साबणासारखा. मावशी मट्कन बसली. "नाही होणार माझ्याच्याने."

ताई म्हणाली, "दुसरं मळ."

दुसरा संध्याकाळी निघाला. या वेळी ताईने आम्हाला दोघींना बाहेर काढून दार लावलं होतं, फुगेपर्यंत. भावजींनी तो कापला. इकडून बघितला, तिकडून बघितला, आपटायला गेले आणि थांबले. "हा कोणाचा? याचा आवाजच येत नाही."

मावशीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग पुसलं आणि ताईला विचारलं, "सांग आता. राजीनामा मागे घेऊ, की जाऊ?"

"मला विचारू नकोस," ताई म्हणाली. "माझं ऐकून काय झालं बघितलंस ना."

मग ती माझ्याकडे वळली. अख्ख्या दिवसात पहिल्यांदाच डोळ्यांत बघून. "चिमणे, तू बोल. तुझ्या पोटात राहत नाही ना काही?"

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही आयुष्यात एक ब्रेड केलाय."

"हं." तिने फडक्याला हात पुसले. "बारापर्यंत वेळ आहे. आधी भट्टी, मग डेपो. जे काय होईल ते माझ्या हातचं तरी होईल."

तर सोमवार. तो बाक. पहाटे आत गेलेली बाई अजून बाहेर नाही आणि आता ऊन डोक्यावर यायला लागलेलं. आजोबांचा पेपर वाचून संपला तरी ते उठेनात. मी त्यांना सगळं सांगितलं होतं ना, आता तेही शटरकडे बघत होते. चपला थांबल्या. बूट हलले. ताईचा फोन, "काय झालं?" मी म्हटलं, "बूट हलले." ताई म्हणाली, "म्हणजे काय?" मला काय माहीत म्हणजे काय!

आणि एकदम शटर वर. मावशी बाहेर, केस पिठाने पांढरे, काखेत लाल फडक्यातलं गाठोडं, आणि पळतेय! मी हाक मारली, "मावशी!" कोपऱ्यावर बस येत होती. तिने पळता पळताच फडकं सोडलं, अर्धा ब्रेड काढून माझ्याकडे भिरकावला, "धर! खा, आणि खरं सांग!" आणि फुटबोर्डवर. बस लोक घेत तिथेच थांबलेली.

मी झेलला. गरम होता अजून. आजोबा म्हणाले, "मलाही." मी एक तुकडा त्यांना दिला, एक तोंडात टाकला. मऊ. साल कुरकुरीत. आत ही एवढी मोठी जाळी पडलेली. आणि चव... चवच नाही! अळणी! मैद्याची धास्ती घेऊन घेऊन बाई मीठच विसरली होती!

आजोबा म्हणाले, "छान आहे, छान आहे." सभ्य माणूस. पण मी आपली बसकडे धावत, "मावशी, मीठ! मीठ विसरलात!"

ती दारातून वाकून ओरडली, "माहितीये! तो पण तेच म्हणाला! दोन घास खाल्ले आणि म्हणाला, हात आहे, डोकं ठिकाणावर नाही!"

"मग? घेतलं का?"

"रविवारी पहाटे ये म्हणाला! दर रविवारी! भट्टी पुसायला लावीन म्हणाला आधी! राजीनामा मागे घ्यायला चाललेय, किती वाजले गं?"

"बाराला वीस कमी!"

"अगं बाई! ड्रायव्हर, चला की!"

आणि आतून त्या बसचा कंडक्टर, अगदी तरणा, ओरडला, "ओ बाई, दारात उभं राहू नका! पुढे सरका, आत जागा आहे!"

मावशीने त्याच्याकडे असं बघितलं. मग सरकली.

बस गेली. मी तिथेच उभी, ताईला फोन लावतेय, तोंडात घास. शनिवारी वर्गात कोण येणार ते अजून आम्हाला माहीत नाही. बुद्धिबळवाल्यांना विचारलंय, हॉल संध्याकाळपर्यंत सोडतील का म्हणून, विचार करतो म्हणालेत, प्यादं हलवायलाही ते तेवढाच विचार करतात. सर येणार म्हणतायत. डॉक्टरीणबाईंचं काही कळत नाही. हा घ्या, उरलेला तुकडा मी तुमच्यासाठीच ठेवलाय. जरा शिळा झालाय, आणि मीठ घेऊन खा. पण आधी उजेडात धरून बघा ना, जाळी बघा!